जेवणाच्या टेबलाखालचं मशीन

लिनक्स, म्हणजे सर्व्हर चालवणारी प्रणाली, मी शिकले ते आमच्या जेवणाच्या टेबलाखाली. नवऱ्याचा टाकाऊ कॉम्प्युटर तिथे मांडला, व्हिडिओ बघून बघून त्याचा सर्व्हर केला, कितीदा तरी मोडला आणि पुन्हा उभा केला. नोकरीचा अनुभव शून्य. तरी नणंदेने तिच्या ऑफिसात माझ्या नावाचा डंका पिटला, "आमची वहिनी सर्व्हर सांभाळेल, जबाबदारी माझी." साहेब म्हणाले, आधी घरबसल्या एक काम करून दाखवू दे, मग नोकरीचं बघू.

काम साधंच. ऑफिसची बिलं ज्यावर चालतात त्या सर्व्हरवर फायरवॉल, म्हणजे नको त्यांना अडवणारं दार, चालू करायचं. आज सकाळी घरून जोडणी केली आणि तोऱ्यात कमांड दिली. मशीनने विचारलंसुद्धा, जोडणी तुटू शकते, पुढे जायचं का? टेबलाखालच्या मशीनला मी नेहमी हो म्हणायचे, तसंच हो म्हटलं. घरी काय, वाकलं की कीबोर्ड हाताशी! इथे मात्र स्वतःला आत यायची परवानगी द्यायच्या आधीच मी दार लावून घेतलं होतं. मी बाहेर, आणि माझ्याबरोबर अख्खं ऑफिस बाहेर. बिलं निघेनात.

नणंदेला फोन लावला. ती सर्व्हरच्या खोलीत धावली, फोन स्पीकरवर ठेवला. दार उघडायच्या कमांडचं एकेक अक्षर मी सांगत गेले.

"अगं, पासवर्ड लिहितेय, पण काहीच उमटत नाहीये!"

"नाहीच उमटत तो. तसाच लिही आणि एंटर मार."

तेवढ्यात साहेबांचा आवाज आला. "काय चाललंय? कोणी हात लावला याला?"

मी बोलायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली.

"मीच," नणंद म्हणाली. "पुसताना वायर निघाली. वहिनी नीट करतेय."

"इतकी वर्षं झाली इथे, अक्कल गहाण ठेवलीय का तुमची?" आणखी बरंच काही, सगळ्यांसमोर. लाजेने माझे कान तापले, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुढचं सांग, वहिनी." मी सांगितलं, तिने लिहिलं. दार उघडलं, बिलं निघायला लागली.

"वा!" साहेब खूश. "वहिनींना सोमवारपासून पाठवा. आणि तुम्ही हो, यापुढे त्यांना विचारल्याशिवाय या खोलीत पाय ठेवायचा नाही."

"हो, साहेब," नणंद म्हणाली.

तेव्हा मात्र माझी जीभ सुटली.

"थँक्यू, सर," मी म्हणाले.