सातवी धून कोणाची

माझी बायको गेशे गेल्याचं कळलं तेव्हा मी कोळंबी सोलत होतो आणि वरच्या स्पीकरमधून तिचाच अकॉर्डियन वाजत होता. मंगळवार, सकाळचे अकरा. इस्पितळातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "जरा बसून घ्या." मी बसलो नाही. हात ओले होते, म्हणून बटणही बंद केलं नाही. धून संपेपर्यंत त्या बाई फोनवर थांबून राहिल्या.

जर्मनीतल्या कुक्सहाफेनच्या बंदरावरची आमची खानावळ आतून जुन्या जहाजासारखी सजवलेली आहे. दोरखंड, कंदील, गोल खिडक्या. अशा जागी मागे संगीत लागतंच. सोमवारी आमची सुट्टी. गेशेनं त्या सोमवारांमध्ये स्वयंपाकघरात बसून चौदा धुना वाजवून रेकॉर्ड केल्या. "माझ्याच धुनांसाठी मी कशाला कोणाचं लायसन्स काढू?" असं म्हणायची. एकोणीस वर्षं संगीताच्या हक्कांच्या संस्थेला मी सही करून कळवत आलो: सर्व धुना माझ्या पत्नीच्या.

ती गेल्यावर आठ आठवड्यांनी संस्थेच्या ओल्सेनबाई आल्या. कॉफी मागवली आणि डोळे मिटून ऐकत बसल्या.

"हे कोणाचं?"

"माझ्या बायकोचं."

"सगळे हेच सांगतात हो. कोणाची बायको, कोणाचा मेहुणा."

"ती वारली."

त्यांनी कप खाली ठेवला. "वाईट झालं. पण नियम तुम्हाला माहीत आहे. गिऱ्हाइकांसमोर वाजतं ते आमच्या सभासदांचं, असंच आम्ही धरतो. तसं नाही, हे तुम्ही दाखवायचं. प्रत्येक धुनेचं नाव, कर्ता, आणि खाली सही. खोटं निघालं तर मग वकील."

त्यांनी चौदा ओळींचा कागद दिला. शुक्रवारपर्यंतची मुदत.

त्या गेल्यावर गल्ल्याशेजारी बसलेला त्यार्क हसला. तो बोटीवर इंजिन सांभाळायचा. आता रोज दुपारी हेरिंग मासे खायला येतो.

"लिही की गेशे, गेशे, गेशे. चौदा वेळा. हात मोडणार आहे का?"

"लिहितोच आहे."

तेवढ्यात सातवी धून लागली. त्यार्क काट्यानं ताटावर ठेका धरून पुढचे सूर गुणगुणू लागला, ते वाजायच्या आधीच.

"पाठ झाली वाटतं तुला, इथे बसून बसून," मी म्हणालो.

"इथे कशाला? फ्लेन्सबुर्गला आमच्या आज्याच्या गोदीत म्हणायचे ही. मी इतकासा होतो." त्यानं टेबलाच्या उंचीवर हात धरला. "तेव्हा तुझी गेशे पाळण्यात असेल."

"नीट आठव. दुसरी असेल."

"अरे हिन्नर्क, घाबरतोस काय? 'परंपरेनं चालत आलेली' असं लिही. जुनी धून कोणाचीच नसते. त्या बाईलाही मग पैसे मागता येणार नाहीत."

त्या धुनेचं नाव 'हिन्नर्कसाठी'. आमच्या लग्नात तिनं ती पहिल्यांदा वाजवली होती. सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ही मी याच्यासाठी बांधली." माझ्यासाठी आयुष्यात कोणी बांधलेली ती एकच गोष्ट.

आता दार वाजलं की मी तो कागद गल्ल्याखाली सरकवतो. ओल्सेनबाईंची भीती तितकीशी नाही. गेशेचं नाव लिहिलं आणि ते खोटं निघालं, तर वकिलाला तोंड देईन. पण कोणाचीच नाही असं लिहिलं, तर ती लग्नात खोटं बोलली यावर मीच सही केल्यासारखं होईल. आणि एक खोटी, तर बाकीच्या तेरांचं काय? रोज सहावी संपत आली की मी पळत जाऊन सातवी लागायच्या आत यंत्र बंद करतो. गिऱ्हाइकं माना वर करून बघतात.

हे सांगू शकेल असं एकच माणूस आहे. तिची बहीण अल्मुट. दोघी एकाच मास्तरांकडे शिकल्या. गेशेनं ती धून कधी, कुठे बसवली ते अल्मुटला नक्की माहीत असणार. बुधवारी मी तिचा नंबर लावला. पलीकडून "हॅलो, कोण बोलतंय?" ऐकू आलं आणि मी फोन ठेवून दिला.

आज गुरुवार. तेरा ओळींत गेशेचं नाव लिहून झालंय. सातवी ओळ कोरी आहे आणि अल्मुटला मी अजून विचारलेलं नाही.