उशिरा गेलेली बोली

भाऊसोंनी मयूरीच्या वडिलांना म्हसवडला फोन लावला आणि अख्ख्या पेढीसमोर गरजले, "आकाराम, तुजी पोरगी घिऊन जा. फितूर झालीया!" हमालांपासून दिवाणजींपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

सांगलीतली हळदीची अडत भाऊसोंची. कालच्या ऑनलाइन सौद्यात त्यांची बोली उशिरा पोचली आणि चांगला माल दुसऱ्यानं उचलला. पेढीचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मयूरीनं बटण वेळेवर दाबलं होतं, पण भाऊसो एकदा बिथरले की त्यांना सांगणार कोण? गावात ही गोष्ट पसरली तर तिच्या वडिलांना, तात्यांना, तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

दुपारपर्यंत भाऊसोंनी तिला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. तात्यांची एसटी पोचायची वेळ झाली तेव्हा कुठे म्हणाले, "बघ, काय बघायचंय ते."

विंडोज आपल्या दुखण्याखुपण्याची नोंद गुपचूप ठेवत असतं. मयूरीनं ती उघडली. कालच्या सौद्याच्याच वेळी इशारा होता: प्रोसेसरचा वेग कमी केला आहे. मागं जावं तर तीच ओळ, थेट हंगामाच्या पहिल्या सौद्यापर्यंत. त्याआधी एकही नाही.

"वेग कमी केला, पर का?" भाऊसो म्हणाले.

ते मात्र तिथं लिहिलेलं नव्हतं. मशीन तापलं की असं होतं, हे तिला ठाऊक होतं, पटवायचं कसं? तिनं मशीन बंद करून झाकण काढलं. प्रोसेसरवरचा पंखा पिवळ्या भुकटीनं गच्च बुजला होता.

"हितं हळद उडतीच की."

"ही उडालेली न्हाई, मालक. वरनं पडलीया."

पहिल्या सौद्याला खंडोबाचं नाव घेऊन भाऊसोंनीच मशीनवर मूठभर भंडारा उधळला होता. नेमका वरच्या जाळीवर. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

तेवढ्यात आकाराम आत आले आणि काही न विचारता त्यांनी पटका काढून भाऊसोंच्या पायाशी ठेवला. "मालक, पोरीची चूक पदरात घ्या."

"तात्या, उचला त्यो!" मयूरी किंचाळली.

भाऊसो वाकले. आकारामांच्या कानाशी हळूच म्हणाले, "चूक माजी हाय. ऱ्हाऊ दे तिला हितंच."

मयूरीनं पटका स्वतः उचलून वडिलांच्या डोक्यावर ठेवला. "सकाळी समद्यांसमोर बोललासा, मालक. आता बी समद्यांसमोरच बोला."

पेढी माना वर करून बघत राहिली. भाऊसोंनी घसा खाकरला आणि हमालांकडं हात केला, "चला, कामाला लागा." मग मयूरीनं तात्यांचा हात धरला आणि मशीन तसंच उघडं टाकून ती पायऱ्या उतरली.