पहिला लांडगा

कळसच्या माळावर भर दुपारी दोन वाजता चांदण्या रात्रीचं शूटिंग चाललं होतं. ऊन नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकतात, असं कौसल्याला सांगितलं होतं. तिनं ते ऐकून घेतलं आणि पदर डोक्यावर ओढून मेंढरांपाशी जाऊन बसली.

सिनेमा रक्त पिणाऱ्या सरदारांचा आणि नरलांडग्यांचा होता. त्याचा पहिला भाग दोन वर्षांपूर्वी आला होता, तो आजच्या पुण्यात घडत होता. आता श्रेया, म्हणजे त्याची दिग्दर्शिका, त्याच्याही आधीची गोष्ट करत होती. सहाशे वर्षांपूर्वी हे वैर सुरू कसं झालं, ती. गढीतला सरदार दर अवसेला गावातलं एक माणूस मागतो. एकदा मेंढपाळाच्या लेकीचं नाव निघतं, आणि तिला वाचवायला बाप लांडगा होतो. पहिला नरलांडगा तोच. श्रेया मूळची बारामतीची, त्यामुळं कथा लिहितानाच तिच्या डोळ्यासमोर हा माळ होता. इथं खरे लांडगे आहेत.

मेंढरं कौसल्याची होती, दीडशेच्या आसपास. नवरा कोरोनात गेल्यापासून ती आणि सासरा दत्तोबा अशी दोघंच त्यांच्यामागं असत. बरोबर तीन कुत्री. सिनेमावाल्यांनी कळप तीन दिवसांसाठी मागितला तेव्हा तिनं एकच अट घातली होती.

"लांडग्याचं सोंग येणार आसंल तर कुत्री बांधाय पायजेत."

"फ्रेममध्ये कुत्री छान दिसतात, ताई," श्रेयाचा सहायक म्हणाला. "आणि तो आपला ऋतिक आहे. माणूसच आहे ना."

"ते तुमाला म्हाईत हाय. कुत्र्यास्नी कसं कळायचं?"

कुत्री मोकळीच राहिली. ऋतिक बारामतीचा, सिनेमांत मारामारीची कामं करणारा पोरगा. रबराचं अंग, त्यावर करडी केसाळ कातडी आणि डोक्यावर दातांचा मुखवटा घालून तो बाभळीमागून गुरगुरत बाहेर आला. मेंढरं एकमेकांत घुसली. कुत्री भुंकली नाहीत, सरळ धावली. काळ्या कुत्र्यानं, खंड्यानं, त्याची पोटरी धरली तेव्हा रबर फाटल्याचा आवाज कौसल्याला लांबून ऐकू आला.

ती हाका मारत पळाली. दोन कुत्र्यांना काठीनं मागं सारलं आणि खंड्याच्या गळपट्ट्याला धरून त्याला ओढून काढलं. ऋतिक मुखवट्याच्या आतून आईला हाक मारत होता. मुखवटा काढल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक झालेला दिसला. कौसल्यानं त्याचा पाय मांडीवर घेतला, साबण मागवला आणि पाव तास त्या जखमेवर पाणी सोडत राहिली.

"पट्टी बांधू नगा," ती सहायकाला म्हणाली. "हितनं सरळ इंदापूरच्या दवाखान्यात न्या. सगळी इंजेक्शनं घ्याची, एकबी चुकवू नगंस, लेकरा."

ऋतिकला गाडी घेऊन गेली. सहायक नंतर तिच्याकडं येऊन मान खाली घालून उभा राहिला. तिनं कुत्र्यांच्या दोऱ्या त्याच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी लाइटवाल्यांतला एक जण ती कातडी घालून उभा राहिला. कुत्री आता बांधलेली होती. तो वाकून, हाताचे पंजे करून, दात दाखवत चालला. श्रेयानं चार वेळा कॅमेरा थांबवला. पाचव्यांदा ती खुर्चीत बसून राहिली.

कौसल्या उठून तिच्याजवळ गेली. "म्याडम, लांडगा आसा येत न्हाय."

"मग कसा येतो?"

कौसल्यानं जरा आठवलं. चार वर्षांमागं भाद्रपदात तिच्या डोळ्यांदेखत लांडग्यानं कोकरू नेलं होतं. "त्यो आवाज करत न्हाय. मेंढरांकडं बघतबी न्हाय. आपलं काय कामच न्हाय हितं, आसा बाजूनं जातो. थांबतो. परत जातो. मान खांद्याच्या खाली. तुमाला वाटतं, गेला. आन त्येवढ्यात त्यो तुमच्या आन कोकराच्या मधी आसतो."

बोलता बोलता ती चालून दाखवत होती. लुगड्याचा काष्टा, पायांत जड वहाणा, तरी पावलांचा आवाज नव्हता. लाइटवाला मुखवटा काखेत धरून बघत राहिला. श्रेया खुर्चीतून उठली.

"कौसल्याताई, तुम्ही घालाल का हे?"

कौसल्यानं दत्तोबाकडं पाहिलं. म्हातारा बाभळीखाली सुपारी कातरत होता.

"मला बाईमाणसानं सोंग घेन्याचं काय न्हाय," तो म्हणाला. "पर मेंढरांम्होरं लांडगा हून हुभी ऱ्हायलीस, तर ती तुला परत जवळ करत्याल का? त्यांच्या डोक्यात काय ऱ्हातंय ते आपल्याला ठावं न्हाय."

हे श्रेयाच्या ध्यानात आलं नव्हतं. कौसल्याच्या आलं होतं. कळपात एक पांढरी मेंढी होती, तिची आई व्याल्याबरोबर मेली होती आणि कौसल्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती अजून तिच्या मागं मागं असे.

"एकदाच करीन," कौसल्या म्हणाली. "परत परत न्हाय. आन खंड्याला सोडा."

"पुन्हा कुत्रं?" सहायक म्हणाला.

"त्यो मला वासानं वळाखतो. मला बघायचंय."

कातडीच्या आत प्रचंड उकडत होतं आणि मुखवट्याच्या भोकांतून हातभर जमीन तेवढी दिसत होती. ती बाभळीमागून निघाली. कळपाकडं न बघता बाजूनं गेली, थांबली, परत गेली. मग वळली. मेंढरांनी तिला पाहिलं आणि कळप एकदम फुटला. पांढरी मेंढी सगळ्यांत पुढं पळत होती. कौसल्याच्या तोंडून तिची रोजची हाक निघाली, पण मुखवट्यातून आली ती भलतीच घोगरी. मेंढी थांबली नाही.

खंड्या ताठ उभा होता. पाठीवरचे केस उभे, दात उघडे. तो दोन पावलं आला, नाक वर केलं, अजून एक पाऊल आला. मग त्याची शेपटी हलली. तो येऊन तिच्या गुडघ्याला डोकं घासायला लागला. कौसल्या खाली बसली. हा सिनेमा आहे हे ती त्या वेळी विसरली होती.

"बिघडलं," सहायक पुटपुटला.

"गप्प बस," श्रेया म्हणाली आणि कॅमेरा चालूच राहिला.

मेंढरं गोळा करायला दिवस मावळला. दत्तोबा म्हणाला होता तसं थोडं झालंच. दोन दिवस पांढरी मेंढी कौसल्यापासून अंतर ठेवून चरली. कौसल्या तिच्या मागं गेली नाही, आपली बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मेंढी हातातला पाला खायला आली.

शूटिंगवाले गेले. दिवाळीनंतर कळप घेऊन कौसल्या आणि दत्तोबा कोकणात उतरले आणि उन्हाळ्याच्या शेवटी परतले. जुलैत श्रेयानं त्यांना बारामतीला थेटरात बोलावलं. ऋतिक मोटारसायकल घेऊन न्यायला आला होता, पोटरीवरचा व्रण त्यानं आपण होऊन दाखवला. सिनेमा दोन तासांचा निघाला. गढीतली माणसं एकमेकांचं रक्त पीत असताना दत्तोबाला झोप लागली. माळ आला तेव्हा कौसल्यानं त्याला हलवून जागं केलं.

पडद्यावर खरंच रात्र होती. तिचीच मेंढरं लांडग्यापासून पळत होती आणि लांडगा मध्यात एकटा उभा होता. मग काळं कुत्रं आलं, त्यानं मात्र मालकाला ओळखलं. थेटरात मघापासून शिट्ट्या मारणारी पोरं गप्प झाली. कौसल्याच्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं डोळे पुसले. कौसल्याला तिला सांगावंसं वाटलं की तो लांडगा मीच आहे, पण तोवर पुढची लढाई सुरू झाली होती.

बाहेर श्रेयानं तिचे दोन्ही हात धरले. पुढच्या भागात कौसल्याला मोठं काम होतं, शूटिंग डिसेंबरात.

"डिसेंबरात आमी कोकणात आसतो," कौसल्या म्हणाली.

"तिकडं येऊ आम्ही."

"या की. पर कुत्री मी सांगंन तवाच सोडायची."

दत्तोबा ऋतिकला विचारत होता की त्या सरदारांना दिवसभर झोपून पाठ दुखत नाही का.