दरवाज्याचे लाल धागे

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे, आणि मी एका मुलीला फसवलं आहे. ते सांगितल्याशिवाय माझी कहाणी पुरी होणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म सांवेर रोडवरच्या एका सुताराच्या शेडमध्ये झाला. सागवानी अंग, लोखंडी चाक. एका गृहउद्योगात मी वीस वर्षं पंचे आणि सतरंज्या विणल्या. मग बाजारात सगळं तयार मिळू लागलं आणि मला जिन्याखाली लोटलं. उंदरांनी माझ्या दोऱ्या खाल्ल्या, पण कुणी साधं पुसायलाही आलं नाही.

शुभदाताईंनी मला बाहेर काढलं. शाळेला न झेपलेल्या पोरांसाठी त्यांनी सुदामा नगरात हस्तकलेचा वर्ग सुरू केला होता. वर्गातल्या देवांशची चाकांची खुर्ची खाली शिरावी म्हणून त्यांनी मला विटांवर चढवलं. पायाने दाबायच्या पट्ट्यांना दोऱ्या बांधून त्या त्याच्या हाताशी आणल्या. म्हातारपणी एवढं कौतुक! मी नुसता फुशारून गेलो होतो.

निशिगंधा पंधरा वर्षांची. बोलणं जवळजवळ नाही, आवाज मुळीच सोसायचा नाही. शाळेत बाई तिची चित्रं खोडून स्वतः नीट काढून देत. तेव्हापासून तिने कागदाला हात लावला नव्हता, आणि आठवीत शाळाही सोडली. वर्गाच्या पहिल्या दिवशी ती उंबऱ्यातच बसून राहिली. शुभदाताई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"बेटा, इथे तुझं काम कोणी बदलणार नाही," त्या म्हणाल्या. "जसं बनेल ना, तसंच राहील. पक्का."

त्या शब्दावर ती उठली आणि माझ्यापाशी आली.

ती राखाडी धाग्याने विणायची. मधेच एक लाल धागा टाकायची. कधी दहा ओळींनी, कधी लागोपाठ दोन. मला लवकरच उमगलं. दरवाजा वाजला की ती दचकायची, पण कान झाकून पळण्याऐवजी लाल धागा टाकून पुढे विणत राहायची. पुढे ताईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी ते निशिगंधाच्या आईलाही सांगितलं. चार महिन्यांत दीड हात कापड झालं, आणि निशिगंधाने एकही दिवस चुकवला नाही.

मग कळलं की वर्ग पुढे चालवायचा की नाही ते ठरवायला वर्गाला पैसे पुरवणाऱ्या संस्थेचे मोठे लोक सोमवारी येणार आहेत. ताईंचा धीर सुटला. रविवारी दुपारी, वर्गाला सुट्टी असताना, त्या एकट्याच आल्या. त्यांनी निशिगंधाचे आडवे धागे एकेक करून ओढून काढले आणि दीड हात कापड पुन्हा विणलं. बरोबर बारा ओळींनी एक लाल, सगळं कसं सारखं. मी अडू शकलो असतो. एखादा धागा तोडायचा, चाक अडकवायचं. पण मी लोण्यासारखा चाललो. जाणत्या हाताखाली चालायची सवय, दुसरं काय!

सोमवारी पाहुणे माझ्याभोवती जमले. ताई म्हणाल्या, "सर, हे पूरं निशिगंधाने बनवलंय. बिल्कुल अकेलीने."

निशिगंधा पुढे आली. कापडावरून तिचं बोट एकदा वरून खाली गेलं, मग पुन्हा एकदा.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "माझे दरवाजे कुठे गेले?"

एवढ्या लोकांसमोर ती पहिल्यांदा बोलली होती. तिची आई रडायला लागली. "बोलली हो, माझी पोर सबके सामने बोलली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती काय बोलली ते कुणीच ऐकलं नाही. ताईंनी मात्र ऐकलं होतं. त्यांचे हात क्षणभर थांबले, आणि मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. निशिगंधा कान झाकून धावत निघून गेली.

वर्ग चालू राहिला. मला आता दर आठवड्याला तेल मिळतं, ते कापड काचेत लावलंय, खाली तिचं नाव आहे. ती परत आली नाही. ताई दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या, तिने दार उघडलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी म्हणणार होतो, पण ते राहू द्या. कुणी आपल्या हाताने काही केलं असेल, तर ते त्याला विचारल्याशिवाय सुधारू नका. आणि दुसरं कुणी सुधारत असेल तर गप्प बसू नका. मी लाकडाचा आहे, तरी मला माझं गप्प बसणं माफ करता येत नाही.