डावं वळण, उजवं चाक

कानिफनाथच्या मोटारीत मी रोज पुढे बसत असे. पुणतांबा स्टेशनावर उतरलेल्या भाविकांना तो शिर्डीला नेई आणि वाटेत मला राहात्याला शाळेपाशी सोडी. मी तिथे विज्ञान शिकवत होते. मोटार आबासाहेबांची, चालवणारा कानिफनाथ. १९७१ च्या दिवाळीआधी ती वळणावर ओरडू लागली. जात्यात कुणी वाळू दळावी तसा आवाज खालून येई.

भाविक घाबरत. एक बाई तर कालव्याच्या पुलापाशी उतरून चालू लागल्या. ते आबासाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला, "बेस्तरवारी सकाळी मी सोता बसनार. आवाज आला, तर मोटार इकून टाकनार."

कानिफनाथ मूळचा पाथर्डीकडचा. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो आणि त्याची बायको साळूबाई दर हंगामाला ऊस तोडायला जात. मोटार हाती आल्यापासून घर एका जागी राहिलं होतं आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात बसत होती. मोटार विकली जाणार हे कळताच ऊसतोडीचा मुकादम घरी येऊन गेला.

बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही रंगनाथ मिस्त्रीकडे गेलो. रंगनाथ सुताराचा. त्याचे वडील बैलगाड्या बांधत. तो मोटारी दुरुस्त करू लागला होता. आदल्या आठवड्यात त्यानं पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं. आवाज होता तसाच होता.

"पुन्यांदा डावंच खोलतो," तो म्हणाला. "डावीकडं वळली की वरडती, म्हंजी डावंच चाक. बैलगाडी वळवून बगा. आतलं चाक जागच्या जागी फिरतं, आखावर घासतं, आन तेच वरडतं. पिढ्या गेल्या आमच्या ह्यात."

"एवढ्या पिढ्या गेल्या, तर आवाज का जात न्हाई?" कानिफनाथ म्हणाला.

"तू गप रं. तुला बिरेक दाबायचं तेवडं ठावं."

रंगनाथचं म्हणणं खोटं नव्हतं. बैलगाडीचं आतलं चाकच ओरडतं, हे मीही ऐकलं होतं. पण दहा दिवस मी वहीत टिपणं ठेवली होती. राहात्याला जाताना चार डावी वळणं लागत. चारही ठिकाणी आवाज. परत येताना तीच वळणं उजवी होत, तेव्हा मोटार गप्प. एवढ्यानं कुठलं चाक ते ठरत नव्हतं. मात्र कानिफनाथ सांगे, शिर्डीच्या बाजारात डावीकडे अगदी कोपऱ्यातून वळावं लागे, तेही माणसाच्या चालीनं. तिथे एकदाही आवाज आला नव्हता.

"रंगनाथ," मी म्हणाले, "आतलं चाक घासत असतं, तर त्या कोपऱ्यावर सगळ्यांत जास्त ओरडायला हवं होतं ना?"

तो पाना हातात धरून थांबला. "व्हय," तो सावकाश म्हणाला. "व्हायला पायजे हुतं."

"बैलगाडी वळते तेव्हा तुम्ही कुठे कलता?"

"कुठं कलनार? बैलाच्या चालीनं कोन कलतंय?"

"आणि ही मोटार वेगात डावीकडे वळते तेव्हा?"

उत्तर कानिफनाथनं दिलं. "समदे माझ्या अंगावर! उजवीकडं. काल तर एक जाडे शेठ दरवाज्याला असे चिकटले की काय इचारू नका."

"माणसं तिकडे जातात तसा मोटारीचा भारही तिकडेच जातो. भार आला की ओरडतं ते उजवं चाक."

रंगनाथनं जॅक पुढे उजवीकडे लावला. चाक उचललं, हातानं फिरवलं. चाक मुकाट फिरलं. "बगा बाई, काय बोलतंय का?"

"आता त्याच्यावर भार नाही. कानाला कळणार नाही. हाताला कळेल. स्प्रिंगवर तळवा ठेवा. कानिफनाथ, तुम्ही चाक फिरवा."

रंगनाथ मोटारीखाली सरकला. मला फक्त त्याचे पाय दिसत होते. चाक तीनदा फिरलं, चारदा फिरलं.

"थांब," तो खालून म्हणाला. "हळू फिरव. आरं, दाना लागतोय! प्रत्येक फेऱ्याला, त्याच जागी!"

चाक खोललं. बेअरिंग रॉकेलनं धुऊन त्यानं उन्हात धरलं. आतल्या गुळगुळीत कड्यावर देवीच्या वणासारखे खड्डे पडले होते. ते बघून रंगनाथ उठला. मग आत गेला आणि गेल्या आठवड्यात डाव्या चाकातून काढलेलं जुनं बेअरिंग घेऊन आला. एक खड्डा नाही, एक ओरखडा नाही.

"चांगल्याला काडलं आन खराबाला ठिवलं मी," तो म्हणाला. "बैलानं शिकवलेलं मोटारीला लावलं."

तेच बेअरिंग त्यानं ग्रीस भरून उजवीकडे बसवलं. मधला नट घट्ट आवळला, मग जरासा मागे घेतला. किती मागे, असं मी विचारलं. "वारा जाईल इतका," तो म्हणाला. "हे मात्र बैलगाडीचंच हाय." मी त्यावर वाद घातला नाही.

गुरुवारी सकाळी आबासाहेब मागे उजव्या कडेला बसले. शेजारी नाशिकचं एक जोडपं, पुढे मी.  पहिल्या डाव्या वळणाला कानिफनाथनं वेग कमी केला.

"कमी का करतो?" आबासाहेब ओरडले. "भ्यालास व्हय? रोज जातो तसा जा!"

दुसरं वळण आलं. काटा चाळीस मैलांवर होता. मोटार डावीकडे वळली, नाशिकचे गृहस्थ आबासाहेबांवर रेलले, आबासाहेब दरवाज्यावर. इंजिनाची घरघर आणि वारा, बाकी काही नाही. तिसऱ्या वळणाला आबासाहेबांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. चौथ्याला डोकं आत घेतलं, विस्कटलेला फेटा सावरला आणि म्हणाले, "मागं फिरव."

कानिफनाथनं ब्रेक दाबला. "का मालक? आला का आवाज?"

"न्हाई आला. म्हनून पुन्यांदा जायचं. आत्ताच्या खेपंला मला ऐकू येतं का न्हाई तेच कळंना."

नाशिकची बाई हसू लागली. आम्ही पुलापर्यंत मागे गेलो आणि चारही वळणं पुन्हा घेतली. या वेळी कानिफनाथनं कुठेच वेग कमी केला नाही. शेवटच्या वळणावर त्यानं हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. उसाच्या फडातली माणसं उभी राहून बघू लागली.

"पुरे रं!" आबासाहेब कानावर हात ठेवत म्हणाले. "बारा वाजताच्या गाडीला भाविक येत्याल. टायमावर स्टेशनावर ऱ्हा."

"हाय की मालक," कानिफनाथ म्हणाला. "मी कुठं जातोय?"