बापाचं मनगट

माझ्या बापावर कोणी हात उगारू शकत नव्हतं. त्याचं रक्त जन्मापासून नीट गोठत नाही; एक ठोसा वर्मी बसला तर आतल्या आत रक्त साचून मरेल, असं डॉक्टरांनी आजीला सांगून ठेवलं होतं. त्या एका वाक्याच्या जोरावर तो आयुष्यभर सगळ्यांना झोडपत आला. हाताने मारलं तर त्याच्याच बोटांच्या सांध्यांत रक्त उतरायचं, म्हणून पट्टा. आईला तर सवयच जडली होती. फळीवरचा डबा काढायला कोणी हात वर केला, तरी तिचं कोपर तोंडापुढे जायचं.

त्या दिवशी सकाळी अकराला, पट्टा हातात असतानाच, त्याच्या छातीत कळ आली. चौथा की पाचवा फटका उगारलेला होता म्हणे. आईने सुजलेल्या ओठाने टॅक्सी बोलावली आणि त्याला आमच्या हॉस्पिटलात आणलं. दारातल्या सिस्टरला वाटलं, पेशंट तीच.

मी तिथे हृदयाच्या प्रोसिजरच्या खोलीत टेक्निशियन आहे. मनगटातून नळी हृदयापर्यंत सरकवतात, तेव्हा तिच्यावर गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ करायला हेपरिन देतात. मग मी अधूनमधून दोन थेंब रक्त मशीनमध्ये घालते. गोठायला किती सेकंद लागले तो आकडा येतो, मी तो मोठ्याने म्हणते. अडीचशेच्या वर गेला की काम सुरू, कमी भरला तर आणखी हेपरिन. दुसरी टेक्निशियन रजेवर होती. "वडील आहेत तुझे, जमेल ना?" सिस्टरने विचारलं. मी हो म्हणाले.

"हिमोफिलिया आहे, फाइल पाहिली मी," डॉक्टर म्हणाले. त्यांना आम्ही पाठीमागे 'तोफ' म्हणतो. "आणखी काही औषधं चालू आहेत?"

"काही नाही. मला काय धाड भरलीये?" बाप म्हणाला. आपण आजारी आहोत हे त्याला कबूलच नसतं.

फाइल आठ वर्षं जुनी होती. गेली दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी मीच त्याच्या पोटात एक नवं इंजेक्शन टोचते, ते तिच्यात नव्हतं. त्या इंजेक्शनने रक्त गोठायला लागतं, पण आमचं मशीन मात्र साफ फसतं. ते आकडा कमी दाखवतं आणि प्रत्यक्षात रक्त कितीतरी पातळ झालेलं असतं. अशा माणसाचं हेपरिन वरच्या लॅबमध्ये, वेगळ्या टेस्टने मोजावं लागतं. त्या खोलीत हे फक्त मला ठाऊक होतं.

"किती?"

"एकशे नव्वद."

"आणखी तीन हजार द्या."

सिस्टरने दिलं. मी गप्प राहिले. विसरले वगैरे नव्हते. मला तो मरायला हवा होता. हे सरळ सांगून टाकते, कारण नंतर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

"आता?"

"दोनशे दहा."

"काय माणूस आहे की दगड! पाच हजार भरा."

तेवढ्यात माझी नजर खाली गेली. त्याच्या मनगटातून रक्ताची धार टेबलावरून फरशीवर लागली होती. हिरड्या लाल झाल्या होत्या. त्याचं रक्त दिसलं की हातातलं टाकून धावायचं, हे आमच्या घरात लहानपणापासून अंगात मुरलेलं.

"थांबा! आकडा खोटा आहे," मी ओरडले. "त्यांना नवं इंजेक्शन चालू आहे, मीच देते. हेपरिन आधीच जास्त झालंय. वरच्या लॅबला रक्त पाठवा."

"आत्ता सांगतेस?" तोफ धडाडली. "आत गुठळी झाली तर तू निस्तरणार? सिस्टर, द्या ते!"

मी सिस्टरच्या हातातली सिरिंज हिसकावली. डॉक्टरांनी माझा हात पिरगाळला. तरी मी सिरिंज सोडेना, तेव्हा मला कपाटावर ढकललं. काच फुटली, माझं कपाळही फुटलं. आणि टेबलावरून माझा बाप, ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो, ओरडला, "दोन ठेवून द्या तिला, डॉक्टर! त्याशिवाय ऐकायची नाही ती."

मी सिरिंज पायाखाली चिरडली. मग सिस्टरनेच रक्ताची बाटली भरली आणि वर पळाली.

पंचवीस मिनिटांनी लॅबचा फोन आला. हेपरिन हवं त्याच्या दुपटीहून जास्त होतं. तोवर डॉक्टरांनी ब्लॉक उघडला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हेपरिनवरचा उतारा दिला, नळी काढली, पण मनगटाचं भोक काही थांबेना. पट्टी तीनदा भिजली.

"अंगठ्याने दाबून धर," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

वॉर्डात मी ते मनगट धरून बसले. पट्टा धरणारं मनगट. आई आत आली, पायथ्याशी उभी राहिली. ओठ आता काळानिळा झाला होता.

"बाबा, आई आजपासून माझ्याकडे राहील," मी म्हणाले.

"तंगडी मोडून ठेवीन तिची. हात सोड माझा, मग बघतो दोघींकडे."

"सोडू?"

मी अंगठा उचलला. रक्त उसळलं, चादरीवर, त्याच्या हनुवटीवर. तो बघतच राहिला. त्याला घाबरलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

"दाब," तो म्हणाला.

"आधी आईची माफी मागा."

"दाब गं, पाया पडतो."

"माझ्या नाही. आईच्या."

मी दाबलं नाही. मनात सेकंद मोजत होते, कामाची सवय. सहा, सात, आठ. मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

आई धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी ते मनगट आवळलं. तिच्या बोटांमधून रक्त गळत होतं; तिला नेमकी जागा सापडत नव्हती. मी भानावर आले. जागा दाखवायला म्हणून मी हात वर केला.

तिने एका हाताने मनगट तसंच धरून ठेवलं. दुसऱ्या हाताचं कोपर तिने तोंडापुढे घेतलं.