वन्संचा व्यायामवर्ग

वन्संनी इमारतीच्या हॉलमध्ये व्यायामाचा वर्ग काढला आणि पहिलं नाव भावजयीचं घातलं. तिला न विचारता! भावजयीचं पार्लर होतं. दिवसभर उभं राहून कंबर अधूनमधून कुरकुरायची, तेवढं निमित्त पुरलं. नवऱ्याने तर लगेच बहिणीची री ओढली, "जा की, बरं वाटेल."

पहिल्याच दिवशी उड्या, उठाबशा आणि वाकून पायाचे अंगठे धरणं. दुसऱ्या सकाळी ती कठडा धरून जिना खेकड्यासारखी आडवी उतरली. मांड्यांचं दुखणं पुढे ओसरलं, पण कंबरेत बसलेली कळ काही उठेना आणि उजवा गुडघा पावासारखा फुगला.

तिने वन्संना सांगितलं. सगळ्या बायका ऐकत होत्या.

"दुखतंय म्हणजे लागू पडतंय," वन्सं म्हणाल्या. "तू मुळातच नाजूक. स्वतःच्या लग्नातसुद्धा उभं राहवेना म्हणून दोनदा खाली बसली होतीस."

बायका हसल्या. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाजूक? सणावाराला पाच मिनिटंसुद्धा पाठ न टेकणारी मी नाजूक? दाखवतेच आता! आणि रागाच्या भरात तिने त्या दिवशी सगळ्यांपेक्षा जास्त उठाबशा काढल्या.

व्हायचं तेच झालं. दुपारी एका बाईचे केस धुवायला ती बेसिनवर वाकली आणि तशीच राहिली. हातात फवारा, बाईच्या डोक्यावर फेस आणि ही काटकोनात.

"झालं का गं?" बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"मला सरळ होता येत नाहीये."

बाई तशाच फेसाळ डोक्याने उठल्या, तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून रिक्षा शोधायला बाहेर पडल्या.

फिजिओथेरपिस्ट तरुण होती, पण बोलणं सरळ. "स्नायू दुखणं वेगळं आणि सांधा सुजणं वेगळं. पहिलं दोन-चार दिवसांत जातं. दुसरं सांगतंय की थांबा. तुम्ही पाठीला बाक देऊन वाकलात, आणि एकदम फार केलंत. व्यायाम सोडू नका. सूज उतरेपर्यंत फक्त थोडं थोडं चाला, मग हळूहळू वाढवा. पायात मुंग्या आल्या किंवा पाय बधिर झाला तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठा."

"मग मला हे आधी कुणी का नाही सांगितलं?" हिचा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरचे लोक डोकावले.

उभं राहता यायला लागल्यावर ती थेट वर्गात गेली. वन्सं शिट्टी वाजवत होत्या.

"वन्सं, जरा थांबा. माझ्या गुडघ्याला काही लागू पडत नव्हतं, गुडघा बिघडत होता. आणि मी नाजूक नाही."

बायका उठाबशा सोडून वळल्या. मग तळमजल्यावरच्या आजी हळूच म्हणाल्या, "मी तर येण्याआधी दुखण्याची गोळी घेते."

"मीपण," मागून कुणीतरी म्हणालं. तिसरीने नुसता हात वर केला.

वन्संचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे मी चुकीचं शिकवते?"

"हो! आणि दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला हसणं, हे त्याहून चुकीचं."

वन्सं चप्पल घालून तडक निघून गेल्या. घरी नवरा म्हणाला, "चारचौघांत बोलायला नको होतंस."

"मला नाजूक कुठे ठरवलं होतं? चारचौघांतच ना?"

तो गरम पाण्याची पिशवी भरायला उठला.

वन्संनी महिनाभर अबोला धरला. मग एक दिवस वर्ग पुन्हा सुरू झाल्याचा निरोप आला. ही गेली तर समोर तीच फिजिओथेरपिस्ट उभी! आणि वन्सं सगळ्यांना सांगत होत्या, "मीच बोलावलंय हिला. आधी शरीर तपासायचं, मग व्यायाम. माझी नवी पद्धत."

हिच्या तोंडाचा आ वासला. नवी पद्धत? वन्संची? पुढे होऊन चांगलं सुनवावं म्हणून तिने पाऊल उचललं, पण तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी खुर्चीवर बसून पुन्हा उठल्या आणि गुडघ्यावर हात न ठेवता उठल्याचं त्यांचं त्यांनाच हसू आलं.

ही शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तरी राहवेना.

"वन्सं, हे आधी कोण म्हणालं होतं?"

"बोलू नकोस," वन्सं म्हणाल्या. "श्वास घे."